आजोबांचं ओमेगा आणि नव्यासारखी डायल

डोंबिवलीहून छत्तिशीतल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून गोषवारा देतो.

त्यांचे आजोबा लालबागला राहायचे, गिरणीत जॉबर होते. बोटीवर नोकरीला असलेल्या मेव्हण्याने त्यांना एडनहून एक ओमेगा घड्याळ आणून दिलं होतं. १९८२च्या संपात घर चालेना तेव्हा ते विकलं. विकायला गेले होते वाचकाचे वडील, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे. येत्या दिवाळीत वडिलांना पासष्ट पूर्ण होतात, आणि मुलाला त्यांच्या हातावर ‘तसंच’ घड्याळ बांधायचं आहे. ऑनलाइन शोधताना एक सापडलं: ओमेगा सीमास्टर, ऑटोमॅटिक, तारखेचं. जाहिरातीत लिहिलंय, ‘१९६७चं, शंभर टक्के ओरिजिनल, मिंट कंडिशन’. किंमत ७८,००० रुपये. डायल पांढरीशुभ्र, अंधारात काढलेल्या फोटोत काटे हिरवे चमकताहेत. विक्रेता म्हणतो, आणखी दोन गिऱ्हाइकं थांबली आहेत, २०,००० आगाऊ पाठवा म्हणजे तुमच्यासाठी ठेवतो. पत्नीचं म्हणणं, एवढ्या पैशात वॉरंटीचं नवं कोरं घड्याळ येईल. वाचक विचारतात, हे घड्याळ खरं आहे हे ओळखायचं कसं आणि ७८,००० वाजवी आहेत का? पुढेमागे किंमत वाढणारच, त्यामुळे पैसे वाया जाणार नाहीत, असंही त्यांनी लिहिलंय.

नमस्कार,

आधी एकच सांगतो, ते वीस हजार पाठवू नका. बाकीचं निवांत बोलू. तारखेच्या सीमास्टरचे हजारो नग बनले, आजही बाजारात येत असतात. हे हातचं गेलं तर दुसरं मिळेल. ‘दोन गिऱ्हाइकं थांबलीत’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकल्यावर माझी घाई उलट कमी होते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ‘खरं आहे का’ असं तुम्ही विचारता तेव्हा तुमच्या मनात दोनच शक्यता दिसतात, अस्सल किंवा नकली. जुन्या घड्याळांत पूर्णपणे नकली मालही असतोच, पण तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाची फसगत बहुतेक वेळा तिथे होत नाही. ती होते मधल्या पट्ट्यात. मशीन खरं ओमेगाचं, केस (बाहेरचं धातूचं कवच) खरी पण दुसऱ्या घड्याळाची, डायल खरी पण वरून रंगवलेली, काटे कुठले तरी, चावी (बाजूचं फिरवायचं बटण) बाजारातली. एकेक भाग दाखवून ‘हे बघा, ओमेगा’ म्हणता येतं, आणि तरी असं घड्याळ कारखान्यातून कधीच बाहेर पडलेलं नसतं. म्हणून प्रश्न भागाभागाने विचारायचा. डायल मूळची आहे का? मशीन आणि केस एकमेकांची आहेत का? काटे, चावी, काच कधी बदलली? चांगला विक्रेता या प्रश्नांवर चिडत नाही. ‘चावी बदललीय, काच नवी आहे, डायल मूळची’ असं सरळ सांगणारे लोक मुंबईतही आहेत.

डायलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जुन्या घड्याळाच्या किमतीचा मोठा हिस्सा तिच्यात असतो.

तुमच्या जाहिरातीतली डायल नव्यासारखी आहे आणि तुम्हाला ती जमेची बाजू वाटतेय. मला तिथेच शंका येते. आपल्या हवेचा विचार करा. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने घाम आणि खारा वारा. जुन्या गॅस्केटमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या कडीतून, ओल आत जाते, डायलवरचा लॅकरचा लेप पिवळतो, ठिपके पडतात. साठ वर्षांचं घड्याळ आपल्याकडे वापरलं गेलं असेल आणि डायल बर्फासारखी असेल, तर ती बदललेली किंवा रंगवलेली असण्याची शक्यता जास्त.

दुसरी खूण अंधारातल्या फोटोत आहे. साठच्या दशकात स्विस घड्याळांच्या काट्यांवर आणि ठिपक्यांवर बहुधा ट्रिटियम हे अंधारात चमक देणारं किरणोत्सारी द्रव्य असायचं. अशा डायलवर तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर दिसतं. ट्रिटियमचा जोर साधारण १२.३ वर्षांत निम्मा होतो, म्हणजे १९६७च्या ट्रिटियममध्ये आज मूळच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाइतकाही जोर उरलेला नाही आणि त्याच्याबरोबरची रसायनंही थकलेली असतात. ते हिरवंगार चमकत नाही. म्हणजे काट्यांवर नंतर कुणीतरी नवा रंग भरलाय. हा काही गुन्हा नाही, पण मग ‘शंभर टक्के ओरिजिनल’ हे शब्द खोटे ठरतात. विक्रेत्याने स्वतःच पुरावा म्हणून टाकलेला फोटो त्याच्याच विरुद्ध जातो.

रंगवलेली डायल मी पहिल्यांदा नीट पाहिली ती माझ्याच घड्याळात. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका दुकानातून फेवर-ल्युबा या स्विस कंपनीचं सी चीफ घेतलं होतं, गडद निळ्या डायलचं. फार आवडायचं मला ते. सर्व्हिसिंगसाठी फोर्टातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी काटे काढले, डायल चिमट्यात धरून दिव्याखाली तिरकी केली आणि डोळ्याचं भिंग काढून माझ्या हातात दिलं. तीनच्या आकड्याशेजारी डायलच्या कडेला कानशीने पाडलेली बारीकशी खाच होती. पुन्हा छापताना डायल साच्यात सरळ बसावी म्हणून ती पाडतात. सात आणि आठच्या मधल्या मिनिटांच्या रेघा दाटीवाटीने आल्या होत्या, एक तर तासाची खूण असलेल्या धातूच्या दांडीवरच चढली होती. तळाशी ‘स्विस मेड’ असायला हवं तिथे काहीच नव्हतं. आणि अगदी कडेला, केसच्या खाली झाकल्या जाणाऱ्या भागात, निळ्याखालून मूळचा चंदेरी रंग डोकावत होता. घड्याळजी म्हणाले, “रंगवलीय. पण हात चांगला होता रंगवणाऱ्याचा.”

ते मला पटलं आणि आजही पटतं. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते नाव तुच्छतेने घेतलं जातं. मला त्याचं वाईट वाटतं. त्या काळी स्विस घड्याळांच्या आयातीवर बंधनं होती, नवी डायल मागवायची सोय नव्हती, आणि माणसाला घड्याळ रोज वापरायचं होतं. डायल खराब झाली की कारागीर ती घासून, रंगवून, अक्षरं छापून परत द्यायचा. तुमच्या आजोबांनीही सत्तरीच्या दशकात कधी तसं करून घेतलं असेल तर नवल नाही. खोट त्या कारागिरीत नाही. ती रंगवलेली डायल आज मूळची म्हणून मूळच्या भावात विकली जाते, तिथे खोट आहे. ‘डायल रंगवलेली आहे’ असं सांगून कुणी कमी किमतीत देत असेल आणि तुम्हाला घड्याळ आवडलं असेल, तर जरूर घ्या. फक्त पैसे रंगवलेल्या डायलचे द्या. माझा स्वतःचा हिशोब असा की तेच मॉडेल मूळच्या डायलसह ज्या भावाला जातं, त्याच्या निम्म्याच्या वर मी रंगवलेल्याला देत नाही.

एचएमटी घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. जनतासारखी साधी घड्याळं आज कारखान्याने कधी काढलेच नव्हते अशा रंगांत आणि चित्रांसकट ऑनलाइन मिळतात. हौस म्हणून घ्या, जुना ठेवा म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका.

आता मशीन आणि केस. इथे ओमेगा घेणाऱ्याचं काम तुलनेने सोपं आहे, कारण कंपनीने खुणा नीट ठेवल्या आहेत. विक्रेत्याकडून मागचं झाकण उघडून दोन फोटो मागा, एक झाकणाच्या आतल्या बाजूचा आणि एक मशीनचा. दोन्ही इतक्या जवळून काढलेले हवेत की आकडे वाचता आले पाहिजेत. त्या काळातल्या सीमास्टरमध्ये झाकणाच्या आत केसचा क्रमांक असतो. १९६०च्या दशकातल्या पद्धतीत १६५ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे पाणी न शिरणारी केस, ऑटोमॅटिक, पण तारीख नाही. १६६ म्हणजे तेच, पण तारखेसह. झाकणात १६५ आणि डायलवर तारखेची खिडकी, असं दिसलं तर घड्याळ जोडलेलं आहे, पुढे बघायचं कारण नाही. उदाहरणार्थ, १६६.०१० या क्रमांकाच्या सीमास्टरमध्ये ५६२ किंवा ५६५ हे मशीन असायला हवं, आणि तो आकडा मशीनवर कोरलेला असतो. अनुक्रमांकही मशीनवरच असतो. त्यावरून सालाचा अंदाज येतो. दोन कोटी चाळीस लाखांच्या आसपासचा क्रमांक साधारण १९६६-६७ सांगतो. क्रमांक १९५९चा निघाला आणि केस १९६७ची, तर काय समजायचं ते तुम्हाला कळेलच.

मशीनचा रंगही बघा. त्या काळच्या ओमेगाच्या मशीनला तांबूस सोनेरी मुलामा असतो. त्यावर काळे डाग, स्क्रूंच्या खाचा चावलेल्या, चावीच्या बाजूला गंज, असं दिसलं तर पाणी आत गेलेलं आहे आणि दुरुस्तीही आडमुठ्या हाताने झालेली आहे.

केसचं सांगायचं तर पट्टा जिथे बसतो ते चार कान बघा. मूळची धार टिकलेली असेल तर कोपरे स्पष्ट दिसतात. पुन्हा पुन्हा पॉलिश मारलेल्या केसचे कान साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होतात. सीमास्टरच्या झाकणावरचा समुद्रघोडाही पुसट होतो. थोडं पॉलिश चालतं, साठ वर्षांत एकदाही हात न लागलेली केस क्वचितच मिळते. बारके ओरखडे असलेली पण धार टिकलेली केस मला आरशासारख्या केसपेक्षा केव्हाही आवडते. काच मूळची असेल तर बरोबर मध्यभागी, आतल्या बाजूला ओमेगाचं इवलंसं चिन्ह असतं, भिंगाशिवाय दिसत नाही. ते नसलं तर फार बिघडत नाही, काच बदलली जातेच. ‘सगळं मूळचं’ म्हणणाऱ्याला विचारायला मात्र हा प्रश्न चांगला आहे.

चालू घड्याळाचा व्हिडिओ मागा. या मशीनचा सेकंदकाटा सेकंदाला साडेपाच पावलं टाकतो, डोळ्याला जवळजवळ सरकताना दिसतो. शक्य असेल तर घड्याळाची चाल मोजणाऱ्या टायमिंग मशीनवरचं रीडिंगही मागा. पूर्ण चावी दिल्यावर बॅलन्सचा (आत पुढेमागे फिरणाऱ्या चाकाचा) झोका साधारण २७० ते ३०० अंशांचा असेल तर तब्येत ठीक. २००च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा.

इतकं बघूनही चूक होऊ शकते, हे मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. २०२१मध्ये जिनिव्हात १९५७च्या ओमेगा स्पीडमास्टरचा लिलाव झाला, एकूण किंमत गेली ३१ लाख स्विस फ्रँकांच्या वर. घेणारं होतं खुद्द ओमेगाचं संग्रहालय. दोन वर्षांनी कंपनीनेच जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेलं होतं. जिथे मोठी बोली लागते तिथे बनवणारे फार मेहनत घेतात. तुमच्या किमतीच्या घड्याळावर तेवढी मेहनत सहसा कुणी घेत नाही, म्हणून वरच्या खुणांनी बरंच काम होतं. जे उरतं ते माणसावर येऊन थांबतं. विक्रेता कोण आहे, किती वर्षं विकतोय, आधीच्या गिऱ्हाइकांशी तुमचं बोलणं करून देतो का, आणि घड्याळ तुमच्या घड्याळजींसमोर उघडू देतो का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं तर मी तिथेच थांबेन.

व्यवहार मुंबईतला असेल तर समोरासमोर करा, ओळखीच्या दुकानात, दिवसाउजेडी. घड्याळ उघडून बघायला घड्याळजींना दोन-चारशे रुपये द्यावे लागले तर द्या. बिलावर किंवा साध्या कागदावर केसचा क्रमांक, अनुक्रमांक, ‘डायल मूळची’ किंवा ‘डायल रंगवलेली’ हे शब्द आणि सही घ्या. एखाद्या खासगी माणसाने आपल्या घरचं घड्याळ विकलं तर ग्राहक म्हणून दाद मागायला फारशी जागा उरत नाही, तेव्हा हा कागदच कामाला येतो. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि जीएसटी किती पडेल ते कुरिअरवाल्याकडून आधी लिहून घ्या, नाहीतर स्वस्त पडलेलं घड्याळ दारात येईपर्यंत महाग झालेलं असतं. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, हेही लक्षात असू द्या. ‘रिफंड देतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणून बरेच जण लुबाडले जातात. फसवणूक झालीच तर तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

७८,००० वाजवी का, तर तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून माझं उत्तर नाही असं आहे. डायलबद्दल शंका, काट्यांवर नवा रंग, आतला एकही फोटो नाही. आतून सगळं जुळलं, डायल मूळची निघाली, तर या भावाचा विचार करता येईल. भाव काढताना जाहिरातींतले आकडे धरू नका, ती नुसती मागणी असते. लिलावगृहं आपल्या संकेतस्थळांवर खरोखर झालेल्या विक्रीच्या किमती देतात, तिथे तोच केस-क्रमांक आणि तशाच अवस्थेतली डायल शोधा. चार-पाच विक्री सापडल्या की अंदाज येतो. त्यातून सर्व्हिसिंग वजा करा.

किंमत वाढेल हे गृहीत मात्र सोडून द्या. स्टीलची साधी जुनी घड्याळं उद्या विकायला गेलात तर दुकानदार आपला नफा ठेवूनच भाव सांगेल. वडिलांसाठी घेताय ना? मग गेलेले पैसे गेले असं धरून झेपेल तेवढंच बजेट ठरवा. तुमच्या पत्नीचा मुद्दाही मला रास्त वाटतो. जुन्या घड्याळाला पाच-सहा वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं, पावसात ते घालायचं नसतं, केसवर काहीही लिहिलेलं असलं तरी. वडील रोज लोकलने जाणार असतील, हात धुताना घड्याळ काढायची सवय नसेल, तर हे त्यांना ओझं होईल. तसं असेल तर रोजच्यासाठी नवं आणि हे सणासुदीला, असं काही दोघं मिळून ठरवा.

आणि एक गोष्ट थोड्या संकोचानेच विचारतो. ते घड्याळ विकायला वडील स्वतः गेले होते, असं तुम्ही लिहिलंय. बावीस वर्षांच्या मुलाने बापाच्या मनगटावरचं घड्याळ नेऊन विकणं आणि पैसे घरी आणून देणं ही लहान गोष्ट नाही. लालबाग-परळमधल्या कित्येक घरांतून त्या वर्षी भांडी गेली, दागिने गेले, आणि त्याबद्दल पुढे कुणी फारसं बोललं नाही. तुम्हाला वाटतं तसा वडिलांना आनंद होईल, कदाचित डोळ्यांत पाणीही येईल. पण पासष्टीच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर एकदम पेटी उघडून दाखवावी का, याचा विचार करा. मी तुमच्या जागी असतो तर आधी त्यांच्याशी एकांतात बोललो असतो. ‘आजोबांचं घड्याळ कसं होतं हो?’ एवढंच विचारायचं. बोलले तर बोलू द्या, टाळलं तर तुम्हाला कळेल. बोललेच, तर घड्याळ शोधायलाच त्यांना बरोबर घ्या. फोर्टात एखाद्या दुपारी दोघांनी घड्याळजींच्या काउंटरवर भिंग लावून डायली बघणं हा भेटीचाच भाग होईल.

या बोलण्यातून कामाचंही काही निघेल. तुम्ही पत्रात एका फोटोचा उल्लेख केलाय, १९७६चा, आत्याच्या लग्नातला, आजोबांचा हात पुढे आहे आणि घड्याळ दिसतं. तो फोटो मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून बघू नका. अल्बममधून काढा, चांगल्या स्कॅनरवर जास्तीत जास्त रेझोल्यूशनला स्कॅन करा आणि मनगट मोठं करून बघा. तीनच्या जागी तारखेची चौकोनी खिडकी आहे की नुसती दांडी? डायल फिकी आहे की गडद? काटे रुंद की सुईसारखे? कृष्णधवल फोटोतही एवढं कळतं. खिडकी नसेल तर तुम्ही ज्याच्यासाठी जीव टाकताय ते तारखेचं घड्याळ आजोबांचं नव्हेच, आणि तुम्हाला १६६ऐवजी १६५ने सुरू होणारं शोधायचंय, किंवा त्याहीआधीचं चावीचं मॉडेल.

तोवर विक्रेत्याला एवढंच कळवा: ‘झाकणाच्या आतला क्रमांक, मशीनवरचा क्रमांक आणि डायलचा तिरक्या उजेडातला फोटो पाठवा. फोर्टात घड्याळजींसमोर उघडून बघेन, सगळं जुळलं तर पूर्ण पैसे तिथेच देईन.’